स्लॅबचं गाऱ्हाणं

आखातात, राई नावाच्या भागातल्या गोदामांच्या कामावर आम्ही शटरिंगचे सुतार, सगळे कुडाळकडचे. स्लॅब ओतायच्या आधी आमच्यात नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घालतात. मी घालतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण रीत ती रीत.

सळया बांधायला हान नावाचा एक कामगार आणि त्याच्या देशाची माणसं होती. तिकडे सरकारला विचारल्याशिवाय माणूस गावसुद्धा सोडत नाही. इथेही त्यांना फोन नाही, एकट्याने फिरणं नाही. जोडीने राहायचं आणि एकमेकांवर नजर ठेवायची. बायका तिकडेच अडकवलेल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर दर्शनाशी, म्हणजे बायकोशी, भांडायचो. तेव्हा हान पाठ करून जवळ बसायचा. अक्षर कळत नसे, तरी तिचं बोलणं ऐकायचा.

"मोरेश्वर भाई," एकदा तो म्हणाला, "मेरी वाली का आवाज भूल रहा हूँ."

मी पुढच्या स्लॅबला त्याला बोलावून घेतलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या हानाक त्येच्या बायलेचो आवाज येकदा आयकव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्यात एक आवाज बाईचा होता. बारीक, स्वच्छ. साइटवर बाईमाणूस नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या बाळा सुताराने माझ्याकडे पाहिलं. "मोरेश्वरदा, तुझो मोबाइल चालू आसा काय?"

मोबाइल फरवानियाला खोलीवर राहिला होता.

हान आधी हसला. मग हातातली पक्कड त्याने हळूच खाली ठेवली.

"उधर से कोई निकल नहीं सकता, भाई. जिंदा तो नहीं."

मी आवाज तेवढा मागितला होता. ती जिवंत असू दे, हे मागायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून दर स्लॅबला तो आमच्यात उभा राही. तिचा आवाज येई, आणि मागून, जरा उशिरा, त्याचा. ते शब्द त्याला वेळेवर कधी जमलेच नाहीत. त्याचा जोडीदार लांबून बघत असे.

एका सकाळी हानला मायदेशी परत धाडायला विमानतळावर नेलं. भेटूही दिलं नाही.

पुढचा स्लॅब आला. या खेपेला मी नीट मागितलं.

"हानाक जित्तो ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाईचा आवाज आला. एकटीचाच. माझा जीव भांड्यात पडला.

मग, जरा उशिरा, तिच्या अगदी शेजारून, त्याचा.