घरात माणसं चार

तुम्ही खोटं लिहिलंत. त्या खुर्चीवर कोण बसतं मला माहीत नाही, म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो, पण सरळ म्हणतो. शिरगणतीच्या कागदावर तुम्ही माझ्या घरात चार माणसं दाखवलीत. आम्ही तीन आहोत. मी, बायको, मुलगी. दोन खोल्यांच्या घरात चौथं माणूस लपवायचं म्हटलं तर आमच्याकडे धड कपाटसुद्धा नाही.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, लोकांच्या दारांवरच्या. शाळा लवकर सुटली, पुढची अक्षरं ब्रशने शिकलो. लिहायला लागलो ते रागाने. माझा कामावरचा जोडीदार तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून गेला. ठेकेदाराने सगळ्यांना सांगितलं, तो प्यायलेला होता. अहो, तो माणूस चहासुद्धा पीत नव्हता! मी ते सगळं गोष्ट म्हणून लिहून काढलं. पण खाली माझं नाव दिसलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला एकाही भिंतीला हात लावू दिला नसता. म्हणून दुसरं नाव हवं होतं.

नाव मी पाटीवाल्याच्या पद्धतीनेच निवडलं. जुन्या पत्र्यावर रंगवून बघितलं. पाच नावं पुसून टाकली. एक नव्या बुटासारखं चावत होतं, एक वाचताना कुणा पुढाऱ्याचं वाटत होतं. सहावं मात्र खडूची रेघ न मारता, माप न घेता सरळ बसलं. दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटली. वीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. ते नाव इथे लिहीत नाही. तुमच्या यादीत आहे.

गोष्ट त्या नावाने एका मासिकाला पाठवली. संपादकाचं पत्र दोनदा परत गेलं. पोस्टमन म्हणाला, "या नावाचा माणूस इथे राहतो, हे मी कशावरून धरायचं? पाटी लावा, मग देतो."

लावली. माझ्या पाटीच्या खाली, दोन स्क्रूंवर.

बायको हसली. "एवढ्याशा घरात अजून एक बाप्या? त्याचे कपडे मी धुणार नाही हां, आत्ताच सांगते."

गोष्ट छापून आली. त्या नावाखाली मला जे बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू? स्वतःच्या नावात मी कायम अंग चोरून बसलो होतो. या नावात पाय पसरून बसता आलं.

दोन महिन्यांनी त्याच नावाने दुसरी गोष्ट आली. ती मी लिहिली नव्हती.

संपादकाकडे जाऊन कागद बघितले. अक्षर माझंच होतं. गोष्टीत एका मुलीचा पहिला दात पडतो आणि ती तो काडेपेटीत जपून ठेवते. माझ्या मुलीचा दात नुकताच पडला होता, दुपारी, मी कामावर असताना. काडेपेटीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिच्या दप्तराचा मागचा कप्पा उघडला. गोष्टीत तोच कप्पा होता. काडेपेटी होती. आत दात होता.

गोष्ट माझ्यापेक्षा चांगली होती. हेही नोंदवून ठेवा.

मुलीला विचारलं, "दुपारी घरी कोण येतं गं?"

"कोणी नाही."

मग तिने वहीतून मान न काढता सांगितलं, "येत नाहीत, बाबा. असतातच."

त्याच आठवड्यात तुमची यादी लागली. चार. मी तुमच्या कार्यालयात आलो, घरोघर फिरणाऱ्या तुमच्या बाईंना गाठलं. बाई सरळ होत्या, त्यांनी वही काढून दाखवली.

"दार त्यांनीच उघडलं," त्या म्हणाल्या. "बोटांना शाई होती. मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तीन नावं भराभर सांगितली. मी वही मिटायला लागले तर म्हणाले, आणखी एक धरा. तो संध्याकाळी झोपायला येतो."

"दिसायला कसा होता?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे काय? तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. घरात माणसं तीन आहेत, चौथं नाव खोडावं. तुमच्या शिपायाने शिक्का मारला.

घरी आलो आणि खालची पाटी काढली. मागे भिंतीवर फिकट चौकोन होता, वर्षानुवर्षं पाटी राहिली की उमटतो तसा. मी ती चार महिन्यांपूर्वी लावली होती.

म्हणून माझी पाटी काढून बघितली. ती आम्ही राहायला आलो त्या दिवशी लावलेली.

मागची भिंत बाकीच्या भिंतीसारखीच होती. स्क्रूच्या भोकांतून ताजी माती पडली.

मी दोन्ही पाट्या परत लावल्या. का, ते विचारू नका.

गेल्या महिन्यात एका सोमवारी तुमची दुरुस्त यादी लागली. तीन. बायको, मुलगी आणि तो.

संध्याकाळी घरी गेलो. दार आतून बंद होतं. वरची पाटी नव्हती. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मुलगी कशाला तरी खदाखदा हसत होती. असं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

कडी वाजवली.

बायकोने दार अर्धं उघडलं. पदर सावरला. परक्यासमोर सावरतात तसा.

"कोण हवंय, भाऊ?"

बारा वर्षं संसार केला हो मी. भाऊ!

मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. टेबलाशी पाठमोरं कुणीतरी बसलं होतं. त्याने मागे वळून बघितलं नाही. त्याला गरज नव्हती.

तेव्हापासून तीन अर्ज दिले. तुमचा शिपाई म्हणतो, तिन्ही उत्तरं पत्त्यावर पोचली, पोच आहे. पोचेवरची सही मी बघितली. माझीच आहे.

आता हा चौथा अर्ज. लेखी उत्तर पाहिजे. माझ्या घराच्या कागदावरून तुम्ही कुणाला खोडलंत? घरी पाठवू नका, तिथे पत्रं तो घेतो. मी समोरच्या जिन्यावर असतो. मुलगी शाळेतून येताना माझ्याजवळून जाते, अजूनही क्षणभर थांबते, बघते. काल थांबली नाही.

उत्तर कधी देताय?