पुढच्या सीनला

फोन आला तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून बसले होते, त्यामुळे नंबर दिसला नाही. आवाज मात्र ओळखला. मिस्त्री. आमचा कलादिग्दर्शक. सुतारकाम करत वर आला, मोठमोठे सेट उभारले, पण नाव मिस्त्रीच राहिलं.

"बाई, आपली मालिका परत येतेय," तो म्हणाला. "चॅनलवर नाही, ॲपवाल्यांनी घेतलीय. नऊ वर्षांपूर्वी सोडली होती तिथूनच पुढे. तुमच्या वह्या आहेत ना?"

वह्या होत्या. माझं काम कंटिन्युइटीचं. एका शॉटमध्ये पेला अर्धा भरलेला असेल तर चार दिवसांनी पुढचा शॉट घेताना तो अर्धाच असायला हवा, हे बघणं. लोकांना वाटतं या कामाला स्मरणशक्ती दांडगी लागते. उलट आहे. स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, हे ज्याला जमतं त्यालाच हे काम जमतं. मोजायचं, लिहायचं, फोटो काढायचा, आणि सेटवरच्या कशालाही स्वतः हात लावायचा नाही. म्हणून पुढचं सांगताना मी मापंही देणार आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, मापं तपासा.

"तिथूनच म्हणजे कुठून?" मी विचारलं.

"दारापासून," तो म्हणाला.

मालिका होती एका घराची. सगळी भांडणं, समेट, रडारड एकाच बैठकीच्या खोलीत. शेवटचं चित्रीकरण झालं त्या सीनमध्ये घरातली धाकटी मुलगी पावसात भिजत येते आणि दार वाजवते. इतकंच. आतल्यांनी दार उघडायचं ते दुसऱ्या दिवशी घ्यायचं होतं, कारण खोलीतली प्रकाशयोजना वेगळी होती. ती धाकटी म्हणजे माझी बिट्टी. आठ वर्षांची. ऐन वेळी ठरलेली मुलगी आली नाही, तेव्हा मीच तिला पुढे केलं होतं. सगळ्यांना आवडली. मी फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

स्टुडिओत छताखाली भोकं पाडलेला पाइप लावून पाऊस पाडला होता. सकाळी अकराला सुरुवात केली. तिला मी शिकवलं होतं, दोनदा वाजव, श्वास घे, मग तिसऱ्यांदा. ती नेमकं तसंच करायची. नववा टेक दिग्दर्शकाला पसंत पडला. सगळे सामान आवरायला लागले. आणि मी म्हणाले, "डावी वेणी कोरडी दिसते. मघाच्या शॉटमध्ये ठिबकत होती."

आणखी पाच टेक झाले. प्रत्येक टेकआधी मी स्वतः मग्याने तिच्या डाव्या वेणीवर पाणी ओतलं. तिचे दात वाजत होते. एकदा तिने विचारलं, "आई, आतली माणसं दार का उघडत नाहीत?"

"पुढच्या सीनला उघडतील, बाळा."

त्या रात्री ताप चढला. न्यूमोनिया. दवाखान्यात मी तिचे तळपाय हातांत धरून बसायचे, चटके बसायचे इतके गरम. मधूनच डोळे उघडून ती विचारायची, "पुढचा सीन लागला का?" आठव्या दिवशी गेली. त्याच आठवड्यात चॅनलने मालिका बंद केली. म्हणजे दाराच्या आतला भाग कधी घेतलाच नाही आणि बाहेरचा भाग कधी दाखवलाच नाही. ज्या वेणीसाठी मी तिला पाच वेळा भिजवलं, ती वेणी कोणीही पाहिली नाही. तिच्या बाबांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते महिनाभर काही बोलले नाहीत आणि मग वेगळे राहायला गेले. त्यांना दोष देत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग मी हो का म्हणाले? माणसं विचारतात. दार उघडलेलं मला बघायचं होतं. बाकी त्या मालिकेचं काही का होईना.

मिस्त्रीने गोदामातून जुना सेट काढला होता. भिंती, खिडक्या, ते दार, सगळं जपून ठेवलेलं. दार सुतारकामाच्या दोन घोडक्यांवर आडवं ठेवून तो वाकून बघत होता. मी गेले तर म्हणाला, "बाई, हा रंग बघा हो कसा उडालाय."

बाहेरच्या बाजूचा हिरवा रंग एका पट्ट्यात उडाला होता. मुठीएवढी रुंदी. खालून सुरू होऊन वर वर गेलेला. आत लाकूड उघडं पडलं होतं, आणि तेसुद्धा गुळगुळीत, वापरातल्या पाट्यासारखं. मी टेप काढली. खालचं टोक दाराच्या तळापासून तीन फूट चार इंच. वही उघडली. बिट्टीची मूठ दारावर पडते त्या शॉटची नोंद: तीन फूट चार इंच. वरचं टोक चार फूट सात.

मी दाराशेजारी उभी राहून वाजवल्यासारखा हात उचलला. मोठ्या बाईची मूठ साधारण तिथेच येते.

"गोदामात घासलं असेल," मी म्हणाले.

"कशाला घासेल? ही बाजू भिंतीकडे होती. मध्ये कागद घालायला जागा नव्हती." त्याने टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "उंदीरबिंदीर असतील," तो म्हणाला, आणि चहा सांगायला निघून गेला.

पहिल्या बैठकीला ॲपवाल्यांची एक बाई आली. तरतरीत, गोड बोलणारी, सतत आलेख दाखवणारी. युनिटने दुपारपर्यंत तिचं नाव आलेखबाई ठेवलंसुद्धा. तिने सांगितलं की सुरुवात संथ असली की लोक पहिल्या चार मिनिटांत सोडून जातात. म्हणून धाकटी आता सतरा वर्षांची, घरातच राहणारी, तिथून सुरुवात. ती परत कशी आली, दार कोणी उघडलं, हे दाखवायचं नाही.

"प्रेक्षक समजून घेतात," ती म्हणाली.

वीस वर्षांत मी कधी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "दार उघडायला हवं. ती बाहेर उभी आहे."

"कोण?"

"धाकटी."

"ती तर आत सोफ्यावर आहे," आलेखबाई हसून म्हणाली. सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ठरलं की दार नुसतं मागे दिसेल. हलू नये म्हणून आतून स्क्रूने पक्कं करायचं आणि बाहेरून नवा रंग द्यायचा.

सेट उभा राहिला. चित्रीकरण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवी धाकटी जागा बघायला आली. चुणचुणीत पोर. खोलीभर फिरली, दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि लगेच बाजूला झाली.

"काकू, बाहेर कोणाला उभं केलंय का?"

"नाही. का?"

"काही नाही." तिने कुर्त्याची पाठ चाचपली. "ओलं लागलं."

मी बोट फिरवून पाहिलं. दार कोरडं होतं. खाली उंबऱ्याशी मात्र फरशीवर पाण्याची एक बारीक रेघ आत आली होती. मी ती वहीत लिहिली. लांबी पाच इंच. कारण अज्ञात.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मिस्त्रीचा माणूस स्क्रूचं पाकीट आणि पेचकस दाराजवळच्या स्टुलावर ठेवून गेला होता. जेवून आला की दार बंद करणार होता. मी एकटीच वही घेऊन सोफ्यावर बसले होते. एसी बंद केलेला. वरचे दिवेही बंद, फक्त कामाचा एक बल्ब.

दार वाजलं.

दोनदा. मग श्वास घ्यावा इतकी फट. मग तिसऱ्यांदा.

मी उठले. दारापर्यंत सात पावलं आहेत, ती चालले. कडी माझ्या हातात होती. गार होती. पलीकडे कोणी उभं असल्याचं लाकडातूनही कळतं, तसं कळत होतं. पाणी ठिबकत होतं. डाव्या बाजूला.

पुन्हा वाजलं. दोनदा, आणि एकदा.

माझ्या छातीच्या वर. चार फूट सात इंच.

तिथेच माझा हात थांबला. आठ वर्षांची असती तर मी दार उघडलं असतं, देवाशपथ उघडलं असतं. उचलून घेतलं असतं, पदराने डोकं पुसलं असतं, खोटं काहीतरी सांगून समजूत घातली असती. सतरा वर्षांच्या मुलीला काय सांगणार? तिला सगळं समजतं. नववा टेक चांगला होता, हेही समजतं.

मी कडी सोडली.

"पुढच्या सीनला," मी म्हणाले. माझ्याच तोंडून निघालं.

मिस्त्रीचा माणूस आला. त्याने सहा स्क्रू मारले. मी मोजले.

आठ भाग तयार झाले, ॲपवर आले. मी घरी बसून पाहिले. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पडद्याखाली ओळी येतात, त्या मी नेहमी चालू ठेवते, चुका शोधायची खोड. पहिल्या भागात आई आणि मोठा मुलगा भांडत असतात. संवाद खाली उमटत होते. मध्येच कंसात आलं: (दारावर टकटक.)

मला काही ऐकू आलं नाही. मागे नेऊन पाहिलं. भांडणाशिवाय आवाज नव्हता. ओळ होती.

दुसऱ्या भागात चार वेळा. पाचव्यात अकरा वेळा. घरातली माणसं जेवत होती, हसत होती, नवी धाकटी सोफ्यावर लोळून फोन बघत होती, आणि खाली येत होतं: (दारावर टकटक.)

आमच्या साउंड रेकॉर्डिस्टला फोन केला. तो म्हणाला, ट्रॅक एकदम स्वच्छ आहे. मग त्या ओळी लिहिणाऱ्या बाईचा नंबर मिळवला. कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीची, घरून काम करणारी.

"आवाज असतो तेच लिहितो आम्ही," ती म्हणाली.

"पण टकटक नाहीये."

"अहो, असं काय करता? हेडफोन लावून ऐका ना. संवादसुद्धा नीट कळत नव्हते तिच्यामुळे."

"तिच्या?"

ती म्हणाली, "मला दुसरं काम आहे," आणि फोन ठेवला.

मी हेडफोन आणले. काही नाही. सगळ्या जगाला नाही, पण त्या एका अनोळखी बाईला माझी मुलगी ऐकू येत होती, आणि मला येत नव्हती. रोज रात्री जेवण झालं की मी एक भाग लावायचे, आवाज बंद करून. नुसत्या ओळी वाचायचे. सांगायला लाज वाटते, पण बरं वाटायचं. अजून आहे. अजून वाजवते आहे.

आठव्या भागात शेवटी रिकामी खोली दिसते. दिवा विझतो. मागे दार. खाली ओळी आल्या.

(दारावर टकटक.)

(टकटक थांबते.)

(ओली पावलं. दूर जातात.)

तीन महिन्यांनी आलेखबाईचा फोन आला. खुशीत होती. दुसरा हंगाम मंजूर. लोकांनी त्या ओळी वाचल्या होत्या आणि सगळीकडे एकच विचारत होते, दाराबाहेर कोण आहे?

"तेव्हा आता आपण दार उघडतोय!" ती म्हणाली. "पहिल्याच सीनला. तुम्हीच तर म्हणत होतात."

बैल गेला आणि झोपा केला.

मी सेटवर गेले तेव्हा मिस्त्री एकटाच होता. आजवर मी सेटवरचं काहीच स्वतः बदललं नव्हतं. त्या दिवशी स्टुलावरचा पेचकस घेतला. सहाही स्क्रू मी काढले.

दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. शिडी, केबलचं भेंडोळं, भिंतीला टेकवलेले पत्रे. पाऊस पाडायचा पाइप नऊ वर्षांपूर्वीच काढून टाकला होता.

फरशीवर ओले ठसे होते. अनवाणी पावलांचे. दारापासून निघून पत्र्यांच्या मागे गेलेले. दाराकडे येणारा एकही नव्हता. प्रत्येक ठशाच्या डाव्या बाजूला पाण्याचे थेंब.

मी टेप काढली. ठसा नऊ इंच.

चप्पल काढून मी एका ठशात पाय ठेवला. बरोबर बसला.

फरशी गार होती. ठसा गरम होता.