ज्वालागड कोणाचा?

"हळू बे ऋषभ! पुस्तकं आहेत ती, विटा नाही!" यामिनी ओरडली.

"मग तू उचल ना! तोंड चालवून राहिली नुसती!" ऋषभने गठ्ठा धाडकन टेबलावर आपटला.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली टळटळीत दुपार. शहाणी माणसं कूलरसमोर लोळत होती आणि ऋषभ, यामिनी आणि सई ही तिघं भिलाईच्या मराठी मंडळाच्या सभागृहात खुर्च्या मांडत होती. तीही हौसेनं! संध्याकाळी प्रशांतकाकांच्या पहिल्यावहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं ना! काका मंडळाची लायब्ररी सांभाळत. शेजारच्या दुर्ग शहरातल्या पद्मनाभपुरातून रोज स्कूटरने येत आणि जादूच्या तलवारी, शापित राण्या, उडते घोडे असली पुस्तकं पोरांच्या हाती देत. बारा वर्षांच्या सईचा तर त्यांच्यावर भारी जीव. घरी बोलायची नाही ती गोष्ट ती काकांशी बोलायची.

ऋषभने सुतळी तोडली. वरच्याच पुस्तकावर ज्वाळांनी वेढलेला किल्ला होता आणि खाली ठसठशीत अक्षरं होती, 'ज्वालागड'.

"ज्वालागड?" सईचा आवाज चिरकला. "अरे, हा तर माझा गड आहे!"

तिने भराभर पानं उलटली. भट्टीतल्या आगीशी बोलणारी लोहिनी. लोखंडी गरुड. लोहिनीचं बोलणंसुद्धा जसंच्या तसं! गेल्या उन्हाळ्यात लायब्ररीच्या पायरीवर बसून, रोज संध्याकाळी थोडी थोडी करत, सईने ही गोष्ट काकांना सांगितली होती. काका हनुवटीखाली हात धरून ऐकायचे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून म्हणायचे, "तुझा आवाज जपून ठेवतो गं. मोठी झालीस की ऐकशील."

"तुझं नाव कुठंतरी असेल ना," यामिनी म्हणाली.

तिघांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. आभाराच्या पानावर काकूंचं नाव होतं, छापखान्याचं होतं.

"स्कूटरच्या मेकॅनिकचंही नाव आहे!" ऋषभ म्हणाला. "तुझंच नाही!"

कोणी सायकल चोरली असती तर सई चिडली असती, भांडली असती. पण काकांनी? तिला चिडताही येईना, नुसतं रडू येत होतं.

"कावून रडून राहिली? चल, आत्ताच जाऊन विचारू त्याइले!" ऋषभने बाह्या सरसावल्या.

"थांब!" यामिनी म्हणाली. तिघांत डोकं थंड ते हिचंच. "ते म्हणतील, पोरीनं पुस्तक वाचलं न् आता माझं म्हणून राहिली. प्रस्तावना पाहा! 'एका जुन्या ताम्रपटावर आधारित, तीन वर्षांचं संशोधन.' आपल्याले पुरावा पाहिजे."

मग तिघं पुस्तकावर तुटून पडली. यामिनीने बोट ठेवलं. "हे ऐका! 'गडावर भोंगा वाजे आणि पहारेकरी बदलत. सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला.'"

"मग? बरोबरच आहे. शिफ्ट अशीच बदलते," ऋषभ म्हणाला.

"स्टील प्लांटमध्ये बे! हजार वर्षांपूर्वीच्या गडावर?"

ऋषभने आ वासला. सई मात्र ओशाळली. "मले दुसरा पहारा माहीतच नव्हता. मी आपली बाबांची भट्टीवरची ड्यूटी टाकली." आणि एकदम ती ताठ बसली. "यामिनी, पहारेकऱ्याच्या घरचं पान शोध! काकांनी तेही ठेवलं असेल, तर सापडलेच!"

काकांनी तेही ठेवलं होतं, सतराव्या पानावर.

संध्याकाळी सभागृह भरलं. सईचे बाबा विजयकुमार रात्रपाळीनंतरच्या अर्धवट झोपेतून उठून आलेले, तिसऱ्या रांगेत पेंगत होते. मंचावर मंडळाच्या अध्यक्ष वसुंधराबाई आणि नव्या झब्ब्यातले प्रशांतकाका.

"आजच्या वाचकाला असल्या कादंबऱ्या का हव्याशा वाटतात?" काका रंगात आले. "इतिहास सांगतो, कोण जिंकलं. पण त्या गडावर राहणं कसं होतं, ते कल्पनाच दाखवते. थोडी जादू घातली, की मेलेला काळ बोलू लागतो!"

टाळ्या पडल्या. किती छान बोलत होते! सईला तेच सोसेना.

ऋषभने हात वर केला. "काका, यातलं खरं किती?"

"अरे, जादू सोडली तर सगळं ताम्रपटातलं! रीतिरिवाज, पहारे, अगदी घरातलं राहणंसुद्धा."

"पहारे सहा, दोन, दहाला बदलायचे, तेही?"

"अर्थात! त्या काळची पद्धतच होती ती."

"अन् नाइटनंतर वीकली ऑफ?" मागून कोणीतरी विचारलं. सगळं सभागृह खो खो हसलं. काकाही हसले, पण त्यांचा हात झब्ब्याच्या गळ्याशी गेला.

आता सई उठली. "काका, सतरावं पान वाचू? हेही ताम्रपटातलंच ना?"

"हो हो, वाच ना बेटा," काकांच्या तोंडून निघून गेलं.

सई वाचू लागली. "'रात्रीचा पहारा करून विजयसेन दिवसा झोपे. खिडकीवर ओला पंचा टांगलेला असे. तो झोपला की त्याची लेक टाचा उचलून चाले. झोपेतच तो उठून बसे आणि विचारी, भट्टीचं पाणी बंद नाही ना झालं? लेक म्हणे, नाही बाबा, चालू आहे. मग तो पुन्हा आडवा होई.'"

तिसऱ्या रांगेत बाबांची झोप उडाली. "अरे! हे तर मी बोलतो झोपेत! भट्टी गार ठेवायचं पाणी आमच्या प्लांटात असते!" ते उभेच राहिले. "आमच्या घरातली गोष्ट ताम्रपटात कशी गेली जी?"

कोणी हसलं नाही. वसुंधराबाईंनी पुस्तक मिटलं. "प्रशांत, ही गोष्ट कोणाची आहे?"

काकांनी घाम पुसला. "भाषा माझी आहे... मी मेहनत घेतली... पोर सांगून विसरूनही गेली असती..."

"मी विसरले नव्हते," सई म्हणाली.

"तू बोल बाळ," वसुंधराबाई म्हणाल्या. "हा गड तुला सुचला कसा?"

"आपल्या भिलाईत आजोबांपेक्षा जुनं काहीच नाही. सगळे क्वार्टर सारखे. सुट्टीत नागपूर-चंद्रपूरकडच्या भावंडांकडे जातो तर तिकडे किल्ले असतात, आमाले काहीच नाही. म्हणून मी आमच्याच सेक्टरात एक गड बांधला. अन् बाबाले त्यात पहाऱ्यावर ठेवलं."

बाबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

वसुंधराबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. एकही प्रत विकायची नाही. काका लेखी माफी मागतील आणि पुस्तक निघेल ते सईच्या नावानं. "आम्ही मोठ्यांनी ताम्रपटावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि या तिघांनी नीट वाचलं. शाबास रे पोरांनो!" टाळ्या थांबेचनात. ऋषभ तर अशा ऐटीत वाकला, जसं पुस्तक त्यानंच लिहिलं होतं.

सई हसली, पण ते हसू काही आत पोचलं नाही. गर्दी पांगल्यावर काका लायब्ररीच्या पायरीशी उभे होते. नवा झब्बा पार चुरगळला होता.

"सई," ते हळूच म्हणाले, "असं भरसभेत कशाला गं? आधी एकदा माझ्याकडे यायचं होतंस."

सईने त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण तिने नजर वळवली नाही.

"काका, गोष्ट घेऊन सगळ्यात आधी तुमच्याकडेच तर आले होते."