गाठ न मारलेली टोपी

सगळे जण टोपीकडे बघतात. हा बाबा टेबलाखाली बघत होता.

मंगळवारची दुपार. फ्लोरिडात उन्हाळ्यात तीनचा पाऊस सहसा चुकत नाही, आणि तो आला की थीम पार्कमधले पाळणे थांबतात नि निम्मी गर्दी माझ्या छपराखाली घुसते. मी यारित्सा. पेलिकन लेक पार्कमध्ये टोप्यांवर नावं लिहिते. हिरवी लोकरी टोपी, वर मगरीचे दोन बटबटीत डोळे, पुढे पांढरे दात, आणि मागे पिवळ्या दोऱ्यात ज्याचं त्याचं नाव.

"सहा टोप्या द्या. सगळ्यांवर एकच नाव — लुसिंडा."

"सहाही एकट्या लुसिंडाला?"

"हो... म्हणजे, तसंच समजा."

नशीबवान दिसते ही लुसिंडा, असं मनात म्हणत मी मशीन सुरू केलं. माझ्या मशीनला मोटर आहे, पण ती फक्त सुई वरखाली करते. टेबलाखाली एक छोटा दांडा असतो, तो उजव्या हाताने फिरवायचा. दांडा जिकडे वळेल तिकडे टाका जातो. म्हणून पार्कात सगळे याला हातटाका म्हणतात. अक्षर घडतं ते टेबलाखाली, आणि आठ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. हा मात्र पार वाकून बसला होता, आणि त्याच्या केसांतलं पाणी माझ्या बुटांवर गळत होतं.

"काही हरवलंय का तुमचं?" मी विचारलं.

"तुमचा हात," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... वर दिसेना, म्हणून खाली शोधत होतो."

सहा टोप्या झाल्या. त्याने त्या ओळीने मांडल्या, खिशातून पट्टी काढली आणि चक्क लुसिंडा मोजायला घेतली. सहा वेळा. मला हसू आवरेना.

"सहा वेगळ्या बायका आहेत या," तो पुटपुटला. "हिला घाई झालीय... ही लाजतेय. मुद्दाम करता?"

"छे. आपोआप होतं."

"पण का होतं?"

आठ वर्षांत हेही मला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, त्या रात्री घरी मी भाताचं भांडं करपवलं, कारण माझं डोकं त्याच 'का'त अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आधी ऐकून घ्या, मग ओरडा. माझं नाव लिसांद्रो. मी टँपाहून आलोय. भरतकामाची संगणकी मशीनं येतात ना, त्यांच्यासाठी अक्षरं बनवतो. तुमच्या मॅनेजरबाईंनी, मिसेस हॅडलींनी बोलावलंय. त्यांना तुमचं अक्षर हवंय. मशीनमध्ये."

"आणि मी?"

"शनिवारी मशीन नि तुमचं टेबल शेजारी शेजारी लावून बघणार आहेत. मशीन पुरलं, तर हे टेबल दारापाशी काचेत ठेवतील, बघायला. तुम्ही तिकीटखिडकीवर."

माझ्या हातातली कात्री मी जपून खाली ठेवली. "आणि लुसिंडा?"

"अशी कुणी नाहीच. त्या नावात सगळी वळणं येतात, म्हणून निवडलं."

"म्हणजे काल तुम्ही चोरी करायला आला होता."

"हो," तो म्हणाला. "आणि आज कबूल करायला."

माणसाने सरळ कबुली दिली की भांडायची पंचाईत होते. मी तोंड फिरवून दोन तास नावं लिहिली. तो तिथेच खांबाला टेकून उभा. मग त्याने एक पुडकं पुढे सरकवलं. टँपाचं क्यूबन सँडविच, फक्त तिकडेच घालतात ती सलामी घातलेलं. मी पोर्तो रिकोची. मला त्यातलं काय कळणार, असा त्याचा चेहरा होता.

"सलामी कुणी घालतं का यात?" मी मुद्दाम म्हटलं.

"आमच्या आजीपुढे म्हणून बघ. घराबाहेर काढेल."

"मी तुमच्या आजीपुढे कशाला येऊ?"

त्याच्या तोंडी 'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं होतं.

गुरुवारी मी त्याला दांडा धरायला दिला. स्वतःचं नाव लिहायला बसला. अर्ध्यावर टाका टोपीच्या कडेवरून थेट मगरीच्या डोळ्यात गेला. मी त्याच्या हातावर हात ठेवून वळण दाखवलं... एकदाच दाखवायचं होतं, चार वेळा दाखवलं.

"तू नाव लिहिताना माणसाकडे बघतेस," तो अचानक म्हणाला. "म्हणून अक्षर बदलतं. काल त्या रडणाऱ्या पोराचं नाव किती गोल काढलंस, आठवतं?"

आठवत नव्हतं. पण माझ्या 'का'चं उत्तर त्याने शोधलं होतं, आणि तेही माझ्याकडे इतकं बघून, की मला उगाचच दोऱ्याची रिळं लावत बसावं लागलं.

मग मी वेडेपणा केला. "बाकीची अक्षरं देते," म्हटलं. "मला बघायचंय, माझ्याशिवाय माझं अक्षर कसं दिसतं."

"यारित्सा, विचार कर."

"केलाय."

केला नव्हता. शुक्रवारी सकाळी त्याने मशीनचं बटण दाबलं आणि माझं अक्षर झराझरा टोपीवर उमटलं. हुबेहूब. माझ्या शिक्षिका डोन्या ऑरेलियांनी दोन वर्षं माझ्या बोटांवर फुटपट्टी मारून शिकवलेलं अक्षर, आणि मी ते स्वतःच्या हाताने देऊन बसले होते.

"रागावलीस?"

"स्वतःवर." मग मी एक टोपी ओढली आणि तिच्यावर त्याचं नाव लिहिलं. "घे. शनिवारनंतर तू टँपाला, मी तिकीटखिडकीवर. आठवण असू दे."

शनिवारी पाऊस नव्हता, गर्दी होती. शेजारी शेजारी दोन काउंटर, मागे वही घेऊन मिसेस हॅडली. दुपारपर्यंत मशीनच्या साठ टोप्या झाल्या, माझ्या बावीस. लोक तरी काय करणार, पोरं उन्हात किरकिरत होती. लिसांद्रो सकाळपासून माझ्याकडे बघतच नव्हता. पाठीवरची पिशवी त्याने उराशी धरली होती, जशी काही तिच्यात मांजर आहे. मी दिलेली टोपी त्याने घातली नव्हती, ते मला फार लागलं.

तीनच्या सुमारास एक पोरगा तणतणत मशीनच्या काउंटरवर आला. सकाळी त्याने टोपीवर मैत्रिणीचं नाव लिहून घेतलं होतं. "हे नाव काढा यावरून."

"काय झालं?" लिसांद्रोने विचारलं.

"पाळण्याच्या रांगेत भांडण झालं."

लिसांद्रो ब्लेडने टाके कापायला बसला. पण मशीनचा टाका वरखाली दोन दोऱ्यांनी आवळलेला, आत कागदाचं अस्तर चिकटलेलं. नाव निघालं, पण लोकरही निघाली. टोपीवर नावाच्या आकाराची भोकं राहिली. पोरगा म्हणाला, "आता तर जास्तच वाचता येतंय."

मिसेस हॅडलींचा चेहरा उतरला. मागच्या खोलीत आधीच एक पेटारा भरला होता, चुकीच्या नि नकोशा नावांच्या टोप्यांचा; आठवडाभर मशीन साध्या अक्षरांत गेटवर चाचणीला होतं, त्या दिवसांतला.

तेव्हा लिसांद्रोने पिशवी उघडली आणि मी दिलेली टोपी बाहेर काढली. कोरी. दात, डोळे, सगळं जागच्या जागी, नाव तेवढं नाही.

"काल यावर माझं नाव होतं," तो मिसेस हॅडलींना म्हणाला. "कुठे होतं, शोधून दाखवा."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं, लोकर चोळून पाहिली. सापडेना.

"एक दोरा लोंबत होता. मी ओढला, तर सगळं नाव सरसर हातात आलं." खिशातून त्याने पिवळ्या दोऱ्याचं भेंडोळं काढलं. "यारित्साचा टाका साखळीचा आहे. शेवटची गाठ सोडली की खूण न ठेवता निघतो. माझ्या मशीनला हे जमत नाही. हे मी लिहून देतो."

मिसेस हॅडली माझ्याकडे वळल्या. "मला हे कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हटलं. खरंच कुणीच नव्हतं विचारलं.

त्यांनी वही मिटली. मशीन गेटवर राहील, घाईवाल्यांसाठी. माझं टेबल छपराखालीच राहील. लिहायला, आणि लिहिलेलं काढायलाही. मी लगेच सुईत नवा पिवळा दोरा ओवला.

गर्दी ओसरली तसा तो आला. "नाव उसवलं म्हणून सकाळपासून तोंड दाखवायची लाज वाटत होती. पण एक सांग... गाठ विसरलीस?"

"आठ वर्षांत एकही गाठ विसरले नाही."

"मग?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुला दोरा दिसला की राहवत नाही, हे चार दिवसांत कळलं होतं. म्हटलं, टँपाला जाशील, कधीतरी ओढशील, आणि नाव लिहून घ्यायला परत यावं लागेल. तू एक रात्रसुद्धा थांबला नाहीस."

तो हसायला लागला, आणि थांबेचना. मग त्याने ती कोरी टोपी माझ्या टेबलावर ठेवली. "मला तू आवडतेस, यारित्सा. टेबलाखाली वाकलो होतो, तेव्हापासून."

"मला सँडविचपासून. सलामी सोडून."

मी दांडा धरला आणि त्याच्या कोऱ्या टोपीवर पुन्हा नाव लिहिलं, त्याच्याकडे बघत बघत. शेवटचा दोरा लोंबत राहिला.

"मशीनची देखभाल करायला मला यावंच लागेल," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा."

नाव उसवायला मी कात्रीकडे हात नेला.

"दर शनिवारी," तो घाईने म्हणाला.

"मग गाठ मारायला हरकत नाही," मी म्हटलं, आणि दोऱ्याचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याला धड येईना, म्हणून त्याने एकावर एक तीन मारल्या.