काचेमागचे आजोबा

“रविवारी स्टुडिओला कुलूप! कायमचं!”

भोपू धापा टाकत गच्चीवर आला आणि एवढंच बोलून मटकन खाली बसला. या भोपूला हळू बोलताच येत नसे. त्याच्या कानात सांगितलेलं गुपित गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं. म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे टाचणीने, आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि मग विचारलं, “कोण म्हणालं?”

“मामा! खाली मामीला सांगत होता. मोबाइल दुकानवाल्याला जागा भाड्याने द्यायचीये. आजोबांनी म्हणे वरच्या खोलीत आराम करायचा!”

“आराम?” पोपट उसळला. “आराम दिला तर आजोबा आजारी पडतील!”

पोपट मामाचा मुलगा. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा, म्हणून पोपट. टाचणी आणि भोपू दर सुट्टीत मामाकडे यायची. मामाकडे नावाला, खरं तर आजोबांच्या फोटो स्टुडिओत!

काय जागा होती ती! त्या काळी फोटो काढायचा म्हणजे घरात धांदल असायची. माणसं इस्त्रीचे कपडे घालून यायची, दारातल्या आरशासमोर तीन-तीनदा भांग पाडायची. आत पडद्यावर तळं रंगवलेलं, तळ्यात दोन हंस, आणि त्यातल्या एकाची मान भोपूने लहानपणी नखाने खरवडलेली. मागे काळोखी खोली. तिथे लाल बल्बच्या उजेडात आजोबा कोरा कागद ट्रेमध्ये बुडवायचे, आणि त्यावर हळूहळू एक चेहरा उमटायला लागायचा. तिघंही श्वास रोखून बघायची. आजोबांच्या फोटोतली माणसं आता बोलतील असं वाटायचं. पुढे कितीतरी फोटो पाहिले, पण ती गंमत पुन्हा कधी आली नाही.

“पण कुलूप का?” पोपटने विचारलं.

भोपूने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “आजोबा सगळं विसरायला लागलेत म्हणून.”

प्रकार तसे घडले होते खरे. काउंटरच्या काचेबाहेर उभ्या हेडमास्तरांना आजोबांनी बेकरीवाल्याच्या पासपोर्ट फोटोंचं पाकीट दिलं. (हेडमास्तरांनी आतले फोटो न बघताच अर्जावर चिकटवले, ही गोष्ट वेगळी!) मग आत्याआजी, म्हणजे आजोबांची सख्खी बहीण, गावाहून आली. काउंटरच्या काचेपलीकडून हसली, तर आजोबांनी परक्या गिऱ्हाइकाला दाखवावी तशी तिला खुर्ची दाखवली. ती डोळे पुसतच घरात गेली.

आणि सगळ्यात वाईट झालं ते मामाचं. मामाने कित्येक वर्षांची मिशी काढली आणि आजोबांना दाखवायला म्हणून हसत हसत काचेसमोर उभा राहिला. आजोबांनी काचेच्या छोट्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, “बसा ना. फोटो काढायचाय?”

त्या रात्री मामा जेवला नाही. “मलाच विसरले गं,” असं मामीला म्हणाला. “पोटच्या पोराला!”

“डॉक्टरांना दाखवलं?” टाचणीने विचारलं.

“मामा म्हणतो, डॉक्टर काय वेगळं सांगणार!” भोपू म्हणाला.

“म्हणजे न विचारताच निकाल!” टाचणी उठून उभी राहिली. “आपण पेपरात असं उत्तर लिहिलं तर भोपळा मिळतो. ते काही नाही. आजोबांवर पहारा ठेवायचा. नेमकं काय काय विसरतात ते बघायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघं स्टुडिओत ठाण मांडून बसली. आणि गंमत म्हणजे आजोबा काहीच विसरेनात! कुठल्या डब्यात कुठली फिल्म आहे ते त्यांना पाठ. भोपूने मागच्या सुट्टीत फोडलेला बल्ब किती वॅटचा होता तेही पाठ!

“एवढं लक्षात ठेवायची काही गरज होती का?” भोपू कुरकुरला.

दुपारी पोपटला कंटाळा आला. बेकरीवाल्याचा मुलगा त्याच्याएवढाच, फक्त आवाज किरकिरा. पोपटने खुंटीवरची टोपी कानापर्यंत ओढली, मागच्या दाराने आत आला आणि आजोबांच्या अगदी समोर उभा राहून त्या मुलाच्या आवाजात म्हणाला, “आजोबा, माझ्या बाबांचे फोटो हेडमास्तरांना का दिलेत?”

भोपू हसू दाबायला तयारच बसला होता. पण आजोबांनी पोपटकडे चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि म्हणाले, “चुकलं रे बाळा. वडिलांना सांग, नवे फोटो काढून देतो. पैसे नकोत म्हणावं.”

पोपटला वाटलं, आजोबा आपलीच फिरकी घेताहेत. “आजोबा, मी आहे! पोपट!” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला.

आजोबांचा चेहरा एकदम उतरला. टाचणी त्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. गोंधळलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. चोरी पकडली गेल्यावर होतो तसा होता. आजोबा घाबरले होते!

“मला फिल्म धुवायचीये,” असं पुटपुटत ते आत निघून गेले.

“अरे, माझा चेहरा दिसला नाही का त्यांना?” पोपट रडकुंडीला आला.

“दिसला. पण तो तुझा आहे हे कळलं नाही,” टाचणी विचार करत म्हणाली. “तू बोललास तेव्हा कळलं. पोपट, आजोबा माणसं आवाजावरून ओळखतात! ही काच कधी बसवली?”

“गेल्या थंडीत. रस्त्याच्या धुळीने आजोबांना खोकला व्हायचा, म्हणून बाबांनी हौसेने करून घेतली.”

“आणि गडबड कधीपासून सुरू झाली?”

पोपटचे डोळे विस्फारले. “काच बसवल्यापासून!”

“काचेतून आवाज येत नाही, त्यात मिशीही गेली,” भोपू ओरडला. “मग मामाचं राहिलं काय ओळखायला?”

“हळू बोल!” दोघं एकदम म्हणाली.

पण उशीर झाला होता. काळोख्या खोलीतून आवाज आला, “कळलं वाटतं तुम्हाला. या आत.”

लाल उजेडात आजोबा स्टुलावर बसले होते. “लहानपणापासून असंच आहे रे,” ते म्हणाले. “नाक दिसतं, डोळे दिसतात, सगळं दिसतं. पण माणूस कोण ते उमगत नाही. एकदा बाजारात आई समजून भलत्याच बाईचा हात धरला आणि थेट तिच्या घरी गेलो. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून तोंड बंद ठेवलं. आवाज, चाल, केस, मिशी, असं काही ना काही धरून निभावून नेलं.”

“मग फोटो एवढे झकास कसे येतात?” टाचणीने विचारलं.

आजोबांचे डोळे जरा चमकले. “माणूस कोण ते कळत नाही, पण त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं ना! राग, लाज, धास्ती, सगळं. आता हसूच घे. नुसते ओठ ताणले तर डोळे आपले तसेच राहतात. आतून हसू आलं की डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडतात. मी त्यांचीच वाट बघतो आणि बटण दाबतो.”

“हे मामाला सांगा की!”

“काय सांगू? फोटोग्राफरलाच चेहरे ओळखता येत नाहीत? गल्ली हसेल. आणि त्याला तरी खरं वाटेल? म्हणेल, अप्पा विसरतात आणि वर सबबी सांगतात.” मग आजोबा हळूच म्हणाले, “हा स्टुडिओ गेला तर मी दिवसभर करू काय, पोरांनो?”

टाचणीला रडू येत होतं, पण तिने नाक पुसलं. आजोबांचं बरोबर होतं. नुसतं सांगून मामाला पटणार नव्हतं. त्याला ते दिसायला हवं होतं!

ती विचार करत बाहेर आली, तर कोपऱ्यात भोपू लाकडी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं खुपसून बसलेला. तिपाईवरचा तो जुना, भला मोठा कॅमेरा. त्याच्या मागच्या काचेवर समोरचं सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर!

“समोर कोण उभं आहे?” भोपू आतून ओरडला. “मामी?”

समोर पोपट उभा होता.

टाचणीने टाळी वाजवली. “भोपू, तू पहिल्यांदाच आयुष्यात काहीतरी उपयोगाचं केलंस!”

रविवार उजाडला. मोबाइल दुकानवाला किल्ली घ्यायला दुपारी येणार होता. टाचणी मामाच्या मागे लागली, “मामा, कुलूप लावायच्या आधी एक शेवटचा फोटो! मोठ्या कॅमेऱ्यावर. आणि आज कॅमेऱ्यामागे तू!”

मामाला नाही म्हणवेना. त्याचाही पाय स्टुडिओतून निघत नव्हताच.

पडद्यासमोर बाकावर मामी, आत्याआजी आणि शेजारची बेकरीवाली काकू बसल्या. पोपटने तिघींच्या डोक्यांना सारखेच पांढरे टॉवेल गुंडाळले आणि गळ्यापासून पायांपर्यंत चादरी पांघरल्या.

“हे काय रे?” मामी म्हणाली. “आम्ही काय न्हाव्याकडे आलोय?”

“नवी पद्धत आहे, मामी! आता एकदम गप्प!” टाचणीने दटावलं.

मामाने काळ्या कापडात डोकं घातलं. त्याबरोबर भोपूने खूण केली आणि तिघींनी पटापट जागा बदलल्या.

“मामा, डावीकडे कोण आहे?”

“सगळ्या उलट्या दिसताहेत गं!”

“मग काय झालं? घरचीच तर माणसं आहेत!”

“थांब... डावीकडे बेकरीवाल्या वहिनी. मध्ये... मध्ये आत्या. नाही, नाही... अरे, काही कळेना!”

“अहो!” डावीकडून मामी कडाडली. “इतकी वर्षं संसार केला आणि मी बेकरीवाली?”

पोपट हसता हसता खाली पडला. आत्याआजीचा टॉवेल सुटला. मामा केस विस्कटलेल्या अवस्थेत बाहेर आला, पुरता ओशाळलेला.

“आवाज ऐकल्याबरोबर मामीला ओळखलंस ना?” टाचणीने विचारलं.

“हो. पण आत बघताना नाक दिसत होतं, डोळे दिसत होते, माणूस कोण तेच उमगत नव्हतं!”

“मामा,” टाचणी म्हणाली, “आजोबांना सरळ चेहरेही असेच दिसतात. जन्मापासून. ते काहीच विसरलेले नाहीत रे. तुमच्या त्या काचेने त्यांना येणारे माणसांचे आवाज बंद केलेत!”

मामाने आजोबांकडे पाहिलं. आजोबा दाराशी उभे होते.

“अप्पा, खरं?”

आजोबांनी मान हलवली.

“मग त्या दिवशी... मी तुमच्याकडे बघून हसत होतो, अप्पा. तुम्ही परक्यासारखं ‘बसा’ म्हणालात.”

“हसत होतास, पण नुसत्या ओठांनी,” आजोबा म्हणाले. “डोळे फार दमलेले होते. मला वाटलं, कुणाचा मुलगा आहे कोण जाणे, दिवसभर राबून आलाय बिचारा. घटकाभर टेकू दे. म्हणून म्हटलं, बसा.”

मामा लहान मुलासारखा रडला. सगळ्यांसमोर, आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मामीनेही टॉवेलने डोळे पुसले. तेवढ्यात मोबाइल दुकानवाला दारात आला. “किल्ली?” त्याने विचारलं. मामाने नाक ओढलं आणि म्हणाला, “किल्ली नाही. पण आलाच आहात तर बसा, फोटो काढून देतो!”

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी आजोबांना नीट तपासलं. स्मरणशक्ती ठणठणीत निघाली. चेहरे न ओळखता येणारी अशी माणसं असतात, काहींना ते जन्मापासूनच असतं, असंही त्यांनी सांगितलं. “हे कुणी शोधून काढलं?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामाने तिघांना पुढे ढकललं आणि म्हणाला, “यांनी! आम्ही मोठी माणसं डोळे असून आंधळी झालो होतो.” आत्याआजीने एकेकाचा गालगुच्चा घेतला. भोपूचा जरा जोरातच घेतला, कारण तो स्वतःचं कौतुक स्वतःच सगळ्या गल्लीला ऐकवत होता.

काच निघाली. तिच्या जागी धूळ अडवणारा जाड पडदा आला. गल्लीतली माणसं दारातूनच “मी बेकरीवाला आलोय हो!”, “मी हेडमास्तर!” असं सांगत आत यायला लागली, आणि कुणीसुद्धा हसलं नाही.

मामाची मिशी पुढे परत वाढली. तरी आत येताना “अप्पा, मी आलोय,” असं म्हटल्याशिवाय तो कधी उंबरा ओलांडायचा नाही. आतून “ये रे” असं आलं की मगच पाय टाकायचा. आता आजोबा नाहीत. टाचणी, भोपू आणि पोपट मोठी झाली, लांब लांब गेली. मामा मात्र अजून रोज सकाळी स्टुडिओचं दार उघडतो, आणि रिकाम्या खोलीकडे बघून “अप्पा, मी आलोय,” असं म्हणूनच आत जातो.