खोली आपल्याच नावे आहे

१९८५ साली मी धारवाडच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि सप्तापुरात मथुराबाईंच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. शाळेच्या सहली आखायचं काम माझ्याकडंच असे. गाडी किती वाजता, उतरायचं कुठं, डबे कुठं उघडायचे, सगळं मी आधी कागदावर मांडायचो. त्यामुळं बेंगळूरचं ठरलं तेव्हा गुरुराजनं एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "मास्तर, आखा."

गुरुराजचं हुबळीच्या दुर्गदबैलात कापडाचं दुकान होतं, घर तिथल्याच केशवापुरात. त्याची धाकटी बहीण हेमावती हिच्याशी माझं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं. गुरुराजला इंग्रजी गाण्यांचं वेड. दुकानात गिऱ्हाईक नसलं की टेपवर गिटारींचा धुडगूस चालायचा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बेंगळूरच्या मोठ्या स्टेडियमवर परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम होता. तीस हजार माणसं जमणार, असं त्याच्या तिथल्या मित्रानं लिहिलं होतं आणि तीन तिकिटं पाठवली होती.

तिसरं हेमावतीचं. दुकानात डबा घेऊन येता येता तिनं ती गाणी अर्थ न कळता पाठ केली होती. "लग्न झाल्यावर कोण नेणार आहे?" असं ती आईला म्हणाली आणि आईनं होकार दिला. अट एकच होती. भावाबहिणीनं मल्लेश्वरमला मावशीकडं उतरायचं, मी दुसरीकडं. लग्नाआधी एका छपराखाली नको.

म्हणून मी बेंगळूर स्टेशनाजवळच्या, मॅजेस्टिक भागातल्या एका लॉजचा पत्ता मिळवला आणि तिथं जोडकार्ड टाकलं. अर्ध्यावर आपला मजकूर, अर्धं कोरं, उत्तरासाठी. दोन रात्री, एक माणूस, साधी खोली.

आठव्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं.

"आपलं पत्र मिळालं. चौदा नंबरची खोली आपल्याच नावे आहे. आपण ती सोडल्याशिवाय पुन्हा आपल्याला कशी देणार?"

गुरुराज पोट धरून हसला. "मॅनेजरनं सकाळीच घेतलेली दिसते!"

मलाही हसू आलं. पण प्रभंजन तोरगलकर हे माझं नाव काही गल्लोगल्ली सापडत नाही. मी पुन्हा लिहिलं : नावाचा घोटाळा दिसतो, कृपया पत्ता तपासावा.

"रजिस्टर पाहिलं," दुसरं उत्तर आलं. "पत्ता सप्तापूर, धारवाड. व्यवसाय भूगोलशिक्षक. येण्याचं कारण, स्टेडियमवरील कार्यक्रम. गृहस्थ शांत आहेत. बाहेर पडत नाहीत. खात्रीसाठी त्यांची सही घेतली आहे."

खाली निळ्या शाईत माझी सही होती. माझ्या सहीसारखी नव्हे, माझीच. बँकेनं एकदा सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत केला होता. तेव्हापासून शेवटच्या अक्षराच्या शेपटीवर मी दोन तिरप्या रेघा मारतो. त्या रेघाही होत्या.

कार्यक्रमाला अजून अठरा दिवस होते.

ते कार्ड मी गुरुराजला दाखवलं नाही. दुसऱ्या दोन लॉजना लिहिलं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यानं कळवलं की खोल्या भरल्या आहेत. हेमावतीच्या आईकडं मी आडून आडून मावशीच्या घराचा विषय काढला. त्या हसून म्हणाल्या, "चार महिने दम धरा की हो." नकाशावर मी रस्ता शोधत होतो आणि प्रत्येक रस्ता त्याच दारापाशी जात होता.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी हुबळीच्या तार ऑफिसात जाऊन ट्रंककॉल लावला. दीड तास बाकावर बसलो. मग माझं नाव पुकारलं गेलं. फोनच्या लाकडी खोक्यात घामाचा आणि जुन्या बेकेलाइटचा वास होता. पलीकडं मॅनेजर कन्नडात बोलत होता, अगदी आदरानं. मी म्हणालो, चौदा नंबरमध्ये जे आहेत त्यांच्याशी बोलायचं आहे.

"कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"धारवाडहून," एवढंच मी म्हणालो. तो म्हणाला, "थांबा, बोलावतो."

जिन्यावर पावलं वाजली. रिसीव्हर उचलला गेला. दोघंही ऐकत होतो.

मग पलीकडून धारवाडी मराठीत, माझ्या आवाजात, कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "तू नाही आलास तरी चालेल. मी आहे इथं."

मी फोन ठेवला. बाहेर ऊन होतं, टांगे होते, केळेवाला ओरडत होता. मी स्टँडपर्यंत चालत गेलो आणि धारवाडच्या बसमध्ये चढेपर्यंत एकदाही मागं पाहिलं नाही.

ताप आला म्हणून सांगितलं. गुरुराज चिडला. "अरे, तूच आखलंस सगळं!" हेमावतीनं प्रवासासाठी काढून ठेवलेला हिरवा स्वेटर मांडीवर घेतला आणि बाही उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला यायचंच नव्हतं, होय ना?"

गुरुवारी ती दोघं गेली. मी खोलीचं दार लावून घेतलं. शाळेतही गेलो नाही. मथुराबाई दोन वेळा पेज आणून द्यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "मास्तर, डॉक्टरांना बोलावू काय?" मला ताप नव्हता. पण उंबरा ओलांडायचा धीर होत नव्हता. मी इथं आहे तोवर तिथं कुणी असणं शक्य नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडं बघत होतो. आपण खोलीत राहून काहीतरी अडवून धरलंय असं वाटायचं. कधी वाटायचं, आपल्यालाच अडवून ठेवलंय.

शनिवारी संध्याकाळी लवकर डोळा लागला.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा घसा पार बसला होता. कानात एकसारखं गुणगुणत होतं. पिंढऱ्या दुखत होत्या, तासन्‌तास उभं राहिल्यासारख्या.

सोमवारी सकाळी हुबळी स्टेशनवर गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. कार्डं खिशात होती. गाडी आली. गुरुराज बॅगा घेऊन उतरला, मला पाहून थबकला आणि मग हसला.

"अरे! मागच्या डब्यातनं उतरून आमच्या आधी कसा आलास?"

मी तोंड उघडलं. त्याच्या मागून हेमावती उतरली. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जागीच थांबलो. ठरलेल्या लग्नातली मुलगी नवऱ्या मुलाकडं बघते तसं नव्हतं ते. ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. तोवर कधी इतक्या जवळ आली नव्हती.

"घसा बसला ना?" ती हळूच म्हणाली. "इतकं ओरडतं का कुणी?"

मी मान हलवली. कार्डं खिशातच राहिली.

एवढंच केलं मी. खोटं बोललो नाही. नुसता गप्प बसलो, कारण ती तशी माझ्याकडं पाहत होती आणि ते मला हवं होतं.

लग्न झालं. मथुराबाईंनी माडीवरची दुसरी खोलीही आम्हाला दिली. पहिले काही महिने हेमावती त्या तीन दिवसांबद्दल बोलायची आणि मी ऐकून घ्यायचो. लालबागेत मी तिला झाडांची नावं सांगितली होती म्हणे. गर्दीत तिची चप्पल तुटली तेव्हा माझ्या दोन्ही चपला तिला देऊन अनवाणी चाललो होतो. दरवर्षी एक नवं शहर दाखवीन, असं वचन दिलं होतं. मी हो हो करत राहिलो. मग एकेक गोष्ट शिकून करू लागलो. झाडांचं पुस्तक आणलं. म्हैसूरची सहल आखली. तिथं ती सगळा वेळ माझ्याकडं बघत होती, उत्तरपत्रिका तपासल्यासारखी.

परतताना गाडीत म्हणाली, "तिथं तुम्ही वेगळेच होता."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. भांडण नाही, अबोला नाही. जेवण वेळेवर, कपड्यांच्या घड्या नीट. शाळेतून आल्यावर दार उघडायची ती आधी माझ्या खांद्यावरून मागं जिन्याकडं बघायची, मगच बाजूला व्हायची. बदलीसाठी मी दोनदा अर्ज केला. ती म्हणाली, "आपण इथून हलायला नको."

"का?"

"पत्ता माहीत असलेलं बरं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

कुणाला सांगणार होतो? गुरुराज तर साक्षीदारच होता. तिन्ही दिवस मी त्याच्याबरोबर होतो.

१९८८च्या ऑगस्टमध्ये एका बुधवारी शाळा दुपारीच सुटली. कुणीतरी पुढारी वारला होता. मी साडेबाराला घरी आलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर हेमावतीचं हसणं ऐकू आलं. मोकळं, गळ्यातून आलेलं. तीन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

मला आनंद झाला. खरंच झाला. गुरुराज आला असेल, असं वाटलं.

दारापाशी चपला काढल्या. कडी वाजवली.

हसणं थांबलं. पावलं आली.

हेमावतीनं दार अर्धवट उघडलं. केसात अबोलीचा गजरा होता. चेहऱ्यावर हसण्याचा ओलावा तसाच होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. जिन्याकडं नाही, माझ्याकडं. वर्गणी मागायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं, सौजन्यानं. खांद्यावरचा पदर नीट केला.

मग मान वळवून आत म्हणाली, "अहो, कुणीतरी आलंय बघा."

आतून खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.