पातं खाली का आलं?

कागद कापायच्या यंत्राचं पातं पुसून लख्ख केलं होतं. खालच्या फटीत रक्त मात्र तसंच वाळलं होतं. कामगाराची दोन बोटं गेली, आणि कारखान्यातल्यांनी तेवढी दिसणारी बाजू पुसली! वहिनींसोबत आलेल्या दिराने तोंड फिरवलं.

"भावजी, बाहेर थांबता का?" वहिनींनी विचारलं. शोधकाम त्यांचं, सोबत यायची हौस त्याची.

"छे!" तो म्हणाला.

बोलावणं होतं तात्यांच्या मुलीचं. यंत्राचा प्रोग्रॅम तात्यांनी लिहिलेला. यंत्राला नवा कॉम्प्युटर जोडला आणि लगेच हा प्रकार घडला. खापर तात्यांवर फुटलं. त्यांनी जेवणखाण सोडलं होतं.

"माझंच चुकलं असेल," मुलीशेजारी बसलेले तात्या पुटपुटले. "हात आत आहे का, ते प्रोग्रॅमने आधी बघायचं. ते उत्तर बाजूला ठेवून कागद दाबला गेलाय का, ते बघायचं. मग ठेवलेलं उत्तर परत काढायचं, हात आत नसला तरच पातं सोडायचं. इतकी वर्षं नीट चाललं हो!"

कामगार दवाखान्यातून फोनवर म्हणाला, "हात आत असल्याचा लाल दिवा लागला होता, ताई. तरी कागद दाबला गेला आणि पातं आलंच."

नवा कॉम्प्युटर जोडणारा इंजिनियर बिस्किटाचा चुरा झटकत आला. त्याने दोघांशी हात मिळवला.

"म्हाताऱ्याचा कोड! मी अक्षराला हात लावला नाही. नव्या कॉम्प्युटरवर साधी कमांड दिली, जादा काही नाही. एकही एरर न येता प्रोग्रॅम तयार झाला."

वहिनींनी तात्यांकडची मूळ प्रत लावली. "द्या तीच कमांड."

पडदा एररनी भरून गेला. इंजिनियर एक पाऊल मागे सरकला.

"म्हणजे काय?" दिराला काही कळेना.

"तात्यांचा कोड बत्तीस बिटांच्या जुन्या प्रोसेसरचा, भावजी. हा कॉम्प्युटर चौसष्टचा. उत्तर बाजूला ठेवायच्या आणि परत काढायच्या त्या जुन्या सूचना इथला असेंबलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, घेतच नाही. 'हे बत्तीसचं आहे' एवढं कमांडमध्ये सांगायचं." त्यांनी ते टाइप केलं. एकही एरर आला नाही. "यांनी ते सांगितलं नाही, असं हेच म्हणतात. मग यांचे एरर गेले कुठे?"

त्यांनी यंत्रातली प्रत उघडली. नेमक्या त्याच ओळी गायब होत्या.

"जी ओळ अडली, ती यांनी उडवली. हाताचं उत्तर जपलंच गेलं नाही, कागदाचं उत्तर त्याच्या जागी बसलं. म्हणून लाल दिवा लागलेला असताना पातं आलं."

"अहो, एरर गेले की काम झालं. सगळेच करतात," इंजिनियर खांदे उडवत म्हणाला.

फटीतल्या रक्ताची आली नव्हती एवढी किळस दिराला आता आली.

"माझ्या ओळी बरोबर होत्या?" तात्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर होत्या. घरी जा, जेवून घ्या."

तात्यांनी मुलीचा हात धरला आणि त्यांना रडू फुटलं.

"चला, इथल्या इथे मिटवू," म्हणत इंजिनियरने दिरापुढे हात केला.

दिराने त्या हाताकडे पाहिलं. पाचही बोटं शाबूत होती. त्याने आपला हात खिशात घातला.